डिप्लोमाची टॉपर आणि एम-थ्री : थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या एका मुलीचं प्रकरण

पुणे विद्यापीठाच्या इंजिनीअरिंग कॉलेजांत वर्गातली साधारण वीस-वीस मुलं एकेका शिक्षकाच्या नावावर लावलेली असतात. त्या शिक्षकाला जीएफएम म्हणतात, गार्डियन फॅकल्टी मेंबर. हजेरी बघायची, इन-सेमचे, म्हणजे सत्राच्या मधल्या परीक्षेचे, गुण बघायचे, परीक्षा फॉर्म वेळेत भरला का ते विचारायचं, गरज पडली तर घरी फोन करायचा. दुसरीकडे यालाच मेंटॉर किंवा शैक्षणिक सल्लागार म्हणतात. तंत्रशिक्षणाचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या, म्हणजे एनबीएच्या, मूल्यांकनात या कामाला वेगळं स्थान आहे, त्यामुळे प्रत्येकाची एक फाईल असते आणि त्यात ‘अडचण’ आणि ‘केलेली कार्यवाही’ असे रकाने असतात. दुसऱ्या रकान्यात बहुतेक वेळा ‘समुपदेशन केले’ एवढंच लिहिलं जातं. मला ते दोन शब्द पुरेसे वाटत नाहीत. नेमकं काय विचारलं, कोणता नियम उघडून पाहिला, मुलीपुढे कोणते पर्याय ठेवले आणि तिने कोणता घेतला, हे लिहिलेलं असेल तरच पुढच्या जीएफएमला त्याचा उपयोग होतो. म्हणून हे एक प्रकरण सविस्तर मांडते आहे. मुलीची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. विषय, नियम आणि घडण्याचा क्रम जसाच्या तसा आहे.

शाखा इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, वर्ष दुसरं, २०१९ चा पॅटर्न, म्हणजे विद्यापीठाचा २०१९ चा अभ्यासक्रम आणि परीक्षापद्धत.

आली तेव्हा

मुलगी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. वडिलांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. दहावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांचा डिप्लोमा, शेवटच्या वर्षाला ९१ टक्के आणि आपल्या शाखेत पहिली. डिप्लोमा झालेल्यांना डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो. त्यांना आम्ही डीएसईची (डायरेक्ट सेकंड इयर) मुलं म्हणतो, आणि वर्गातली मुलं सरळ ‘डिप्लोमावाले’ म्हणतात. मंजूर क्षमतेच्या दहा टक्के जागा त्यांच्यासाठी असतात, शिवाय पहिल्या वर्षाच्या ज्या जागा रिकाम्या राहिल्या असतील त्याही मिळतात. पण डिप्लोमाचा निकाल, कागदपत्रांची पडताळणी आणि प्रवेशाच्या फेऱ्या हे सगळं होईपर्यंत वर्ग सुरू होऊन गेलेले असतात. ही मुलगी शेवटच्या फेरीतून ऑक्टोबरच्या मध्याला आली. तेव्हा प्रत्येक विषयाचं दुसरं युनिट संपत आलं होतं आणि इन-सेम तोंडावर होती.

डीएसईच्या मुलांसाठी आमच्याकडे गणिताचे ब्रिज लेक्चर, म्हणजे मागचं राहिलेलं भरून काढणारे जादा तास, होतात. ते पहिल्या फेरीतून आलेल्यांना मिळाले. ही आली तेव्हा ते संपले होते.

या पॅटर्नमध्ये इन-सेम ३० गुणांची होती. डिजिटल सर्किट्सला तिला २२ मिळाले, इलेक्ट्रिकल सर्किट्सला १७. इंजिनीअरिंग मॅथेमॅटिक्स-३ ला, म्हणजे ज्याला सगळे एम-थ्री म्हणतात त्याला, ४.

एम-थ्रीत डिप्लोमावाले का अडकतात

याला हुशारीशी काही देणं-घेणं नाही. अभ्यासक्रम शेजारी ठेवून वाचले की कारण लगेच कळतं, आणि जीएफएमने ते एकदा तरी वाचलेच पाहिजेत असं माझं ठाम मत आहे.

तिच्या डिप्लोमात गणित पहिल्या वर्षाला संपलं. पहिल्या सत्रात बेसिक मॅथेमॅटिक्स, दुसऱ्या सत्रात अप्लाइड मॅथेमॅटिक्स, बास. त्यानंतरची दोन वर्षं सगळी शाखेच्या विषयांची आणि प्रॅक्टिकलची. म्हणजे डिग्रीला येईपर्यंत इंटिग्रेशनला हात लावून दोन वर्षं झालेली असतात. त्यातही जे झालेलं असतं ते एका चलाचं. डिग्रीच्या पहिल्या वर्षाला बसलेली मुलं मात्र एम-वनमध्ये पार्शल डिफरन्सिएशन आणि मॅट्रिक्स करून येतात, एम-टूमध्ये डबल आणि ट्रिपल इंटिग्रल करून येतात. डीएसईच्या मुलांना पहिलं वर्ष माफ असतं, त्यासोबत हे सगळंही सुटतं.

आता एम-थ्री काय मागतं ते बघा. आमच्या शाखेला सहा युनिटं होती : लिनियर डिफरन्शियल इक्वेशन, फूरिये आणि झेड ट्रान्सफॉर्म, न्यूमेरिकल मेथड्स, व्हेक्टर डिफरन्शियल कॅल्क्युलस, व्हेक्टर इंटिग्रल कॅल्क्युलस आणि कॉम्प्लेक्स व्हेरिएबल्स. पहिली दोन इन-सेमला, पुढची चार सत्राच्या शेवटी होणाऱ्या ७० गुणांच्या एंड-सेमला. चौथ्या युनिटात ग्रेडियंट, डायव्हर्जन्स, कर्ल येतात. पार्शल डेरिव्हेटिव्ह न येणाऱ्याला तिथे पहिली ओळसुद्धा लिहिता येत नाही. पाचव्यात ग्रीन, स्टोक्स आणि गाउसची प्रमेयं. ती डबल-ट्रिपल इंटिग्रलशिवाय हलत नाहीत. एकट्या न्यूमेरिकल मेथड्सला मागचं फार लागत नाही. बायसेक्शन, न्यूटन-रॅफसन डिप्लोमाला झालेलं असतं, कॅल्क्युलेटर हाताशी असतो, पायऱ्या ठरलेल्या असतात. एवढं एकच युनिट या मुलांना ओळखीचं वाटतं.

तंत्रनिकेतनातली पहिली आलेली मुलगी गणिताच्या वर्गात गप्प बसते ती यामुळे. फळ्यावर सर जे ‘तुम्हाला माहीतच आहे’ म्हणून एका ओळीत टाकतात, ते तिने कधी पाहिलेलंच नसतं.

हजेरीपत्रक

नोव्हेंबरची डिफॉल्टर यादी लागली त्यात तिचं नाव होतं. ७५ टक्क्यांच्या खाली गेलं की यादीत नाव येतं, घरी पत्र जातं आणि तसंच चालू राहिलं तर टर्म ग्रँट होत नाही, म्हणजे त्या सत्राच्या परीक्षेला बसता येत नाही. यादीत फक्त एकूण टक्केवारी असते. मी विषयानुसार आणि आठवड्याच्या वारानुसार हजेरी काढून घेतली.

प्रॅक्टिकलला ती एकदाही गैरहजर नव्हती. एम-थ्रीला जवळपास नव्हतीच. आणखी एक गोष्ट दिसली. मंगळवारी आणि गुरुवारी एम-थ्री पहिल्या तासाला होतं. त्या दोन दिवशी त्यानंतरचा इलेक्ट्रॉनिक सर्किट्सचा तासही तिने बुडवला होता. शुक्रवारी एम-थ्री शेवटच्या तासाला. त्या दिवशी आधीचे सगळे तास तिने केले होते आणि फक्त शेवटचा सोडला होता. आजारपण, घरची अडचण, कुठे काम धरलं आहे का, असे तर्क यात बसत नव्हते. गणिताच्या भोवतीच सगळं फिरत होतं.

ही मुलगी टाळाटाळ करणाऱ्यातली नाही हे मला लॅबमुळे माहीत होतं. फुल ॲडरचं सर्किट लावायचं होतं आणि आउटपुटचा एलईडी काही केल्या लागत नव्हता. तिच्या बॅचमधली बाकीची मुलं ट्रुथ टेबल पुन्हा पडताळत बसली. हिने मल्टिमीटर घेऊन आयसीच्या १४ आणि ७ नंबरच्या पिनांवर प्रोब ठेवले, तिथे व्होल्टेजच नाही हे बघितलं, आणि ब्रेडबोर्डची सप्लायची पट्टी मध्यावर तुटलेली असते म्हणून तिथे एक जंपर टाकला. एलईडी लागला. कुणाला काही न बोलता ती जर्नलमध्ये रीडिंग लिहायला लागली. दुकानात वडिलांशेजारी बसून वाढलेल्या मुलीचा हात होता तो.

पहिलं बोलणं

स्टाफरूममध्ये अशी बोलणी होत नाहीत. तीन सहकारी बसलेले असताना मूल खरं सांगत नाही. लॅब रिकामी होती, तिथे बसलो.

‘का येत नाहीस?’ असं मी विचारलं नाही. हजेरीचा कागद तिच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, “मंगळवारी सकाळी तू कुठे असतेस?”

“लायब्ररीत, मॅडम.”

“काय करतेस?”

थोडा वेळ गेला. मग तिने बॅगेतून वही काढली. इंटिग्रेशनची सूत्रं, बाय पार्ट्सची गणितं, पुढे पार्शल डेरिव्हेटिव्हची सुरुवात. एम-थ्रीचा तास बुडवून ती एम-थ्री कळण्यासाठी जे आधी यायला हवं ते एकटी शिकत बसली होती. इलेक्ट्रॉनिक सर्किट्सचा तास बुडायचा कारण मधल्या वेळेत वर्गात शिरायची लाज वाटायची. मुलं विचारायची, गणिताला कुठे होतीस?

तिचा एक हिशेबही डोक्यात पक्का होता. एम-थ्री गेलं की वायडी लागणार, म्हणजे वर्ष जाणार. वायडी लागलं की शिष्यवृत्ती जाणार. शिष्यवृत्ती गेली की वडील कर्ज काढणार. हॉस्टेलमध्ये कुणीतरी तिला हे सांगितलं होतं आणि ते खरं की खोटं हे तिने कुणालाच विचारलं नव्हतं. झोप कशी आहे, जेवतेस का, रूममेटशी बोलतेस का, हे मी विचारलं. झोप कमी होती, बाकी ठीक होतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मी माझ्या गटातल्या सगळ्यांनाच देते, तिलाही दिला. पण तिला त्या क्षणी सगळ्यात जास्त गरज होती ती खऱ्या नियमाची.

नियम आणि कागद

२०१९ च्या पॅटर्नचा नियम असा : प्रत्येक विषय पास झाला की त्याचे ठरलेले क्रेडिट मिळतात, सत्राचे २२, वर्षाचे ४४. तिसऱ्या वर्षाला जायला दुसऱ्या वर्षाचे निम्मे, म्हणजे २२ क्रेडिट हवेत. शेवटच्या वर्षाला जायला मात्र दुसऱ्या वर्षाचं काहीही शिल्लक चालत नाही, आणि तिसऱ्या वर्षाचे निम्मे हवेत. पहिल्या वर्षाच्या क्रेडिटची अट डीएसईला लागू नाही.

एम-थ्रीच्या थिअरीचे क्रेडिट ३. म्हणजे एकट्या एम-थ्रीमुळे वायडी लागूच शकत नाही. उरलेले चार विषय आणि प्रॅक्टिकल निघाले तर ती तिसऱ्या वर्षाला आरामात जाते. एम-थ्री काढायला तिच्याकडे शेवटच्या वर्षाआधी चार संधी होत्या : या सत्राची परीक्षा, पुढच्या सत्राची, तिसऱ्या वर्षाची पहिली आणि तिसऱ्या वर्षाची दुसरी. ही चौथी धरायची नाही, कारण कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या ‘ॲक्टिव्ह बॅकलॉग’, म्हणजे अजून न निघालेला विषय, नको म्हणतात आणि ती प्रक्रिया शेवटच्या वर्षाच्या तोंडावरच सुरू होते. म्हणजे कामाच्या तीन.

आता दुसरी बाजू. इन-सेमचे ४ धरले तर एंड-सेमला ७० पैकी ३६ हवेत. न्यूमेरिकल मेथड्स पक्कं केलं तरी ते चारातलं एक युनिट. ३६ गाठायला अजून जवळजवळ दोन युनिटं लागतात, आणि त्यातल्या प्रत्येकाच्या आधी पहिल्या वर्षाचा एकेक धडा शिकावा लागतो. हातात होता दीड महिना, त्यात सबमिशन, ओरल, प्रॅक्टिकल. इलेक्ट्रॉनिक सर्किट्स आणि डेटा स्ट्रक्चर्सचीही तयारी कच्ची होती, कारण सगळा वेळ गणिताने खाल्ला होता.

हे सगळं आम्ही एका कागदावर मांडलं. मी आकडे सांगत गेले आणि ती लिहीत गेली. लिहून झाल्यावर तीच म्हणाली, “म्हणजे मॅडम, या वेळी गणित सोडलं तर बाकीचे चार निघतील. आणि धरलं तर सगळेच हातचे जातील.”

मी लगेच हो म्हटलं नाही. एका विषयाचा पेपर मागे ठेवायचा सल्ला देण्याआधी तो विषय शिकवणाऱ्याशी बोललं पाहिजे. तिला दोन दिवसांनी परत बोलावलं.

गणिताच्या सरांचा आक्षेप

सरांना ही कल्पना अजिबात पटली नाही. त्यांचं म्हणणं नीट ऐकण्यासारखं होतं. एक तर, एकदा पेपर सोडायची सवय लागली की दर सत्राला एक विषय ‘पुढच्या वेळी’ म्हणून मागे पडतो, आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटी पाच बॅकलॉग घेऊन बसलेली मुलं त्यांनी पाहिली आहेत. हे मीही पाहिलं आहे.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा होता. “पुढच्या सत्रात सिग्नल्स अँड सिस्टिम्स आहे. फूरिये न येता ती तिथे काय करणार? कंट्रोल सिस्टिम्समध्ये ट्रान्सफर फंक्शन कसं काढणार? तुम्ही एम-थ्री पुढे ढकलताय, पण पुढचे विषय तर ढकलले जात नाहीत.”

या वाक्यामुळे माझ्या कागदाला दुसरा रकाना जोडला गेला. परीक्षेचा क्रम एक आणि शिकण्याचा क्रम दुसरा, आणि या मुलीच्या बाबतीत ते दोन उलटे पडत होते. एंड-सेमला युनिट तीन ते सहा. पण पुढच्या सत्रात तिला लागणार होती युनिट एक आणि दोन, ज्यांची इन-सेम होऊन गेली होती आणि ज्यांना आता गुणच नव्हते. गुणांच्या मागे लागून ती आता व्हेक्टर कॅल्क्युलस पाठ करत बसली असती, तर एम-थ्रीही बहुधा गेलं असतं आणि जानेवारीत सिग्नल्सच्या पहिल्या तासाला ती पुन्हा त्याच जागी बसली असती.

सरांशी बोलून ठरलेलं असं. एम-थ्रीचा पेपर ती देईल, कोरा सोडणार नाही. त्यासाठी फक्त न्यूमेरिकल मेथड्स करेल. सगळा जोर बाकीच्या चार विषयांवर. परीक्षा संपली की पुढचं सत्र सुरू होण्याआधीच्या दिवसांत युनिट एक आणि दोन. मग व्हेक्टर कॅल्क्युलसची पायाभरणी, सावकाश, दुसऱ्या सत्रभर. सर पूर्ण राजी झाले नव्हते. पण कोणत्या युनिटाआधी पहिल्या वर्षाचं नेमकं काय शिकायचं याची यादी त्यांनी स्वतः करून दिली, आणि ती यादी फार मोलाची ठरली. एम-वन आणि एम-टू सगळं करायची गरज नव्हती, त्यातले मोजके भाग लागत होते. एकटी शिकत बसलेल्या मुलीला हे कळायला मार्ग नव्हता. ती पहिल्या पानापासून निघाली होती.

मुलगी परत आली तेव्हा दोन्ही पर्याय तिच्यासमोर ठेवले, सरांचा आक्षेपही सांगितला. एम-थ्री या वेळी गेलं तर मार्कशीटवर ते दिसेल, हेही सांगितलं. तिने कागद हॉस्टेलवर नेला आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं की बाकीचे चार आधी. इथे निर्णय तिने घेणं मला महत्त्वाचं वाटतं. निकालाच्या दिवशी नापासाची ओळ तिलाच बघायची होती. ‘मॅडमनी सांगितलं म्हणून’ एवढ्या आधारावर ती ओळ पेलवत नाही.

तासाला बसायची अट मात्र मी सोडली नाही. एम-थ्रीच्या तासाला यायचं, कळो न कळो. टर्म ग्रँटचा प्रश्न होताच, शिवाय न्यूमेरिकल मेथड्स तेव्हा वर्गात सुरूच होणार होतं.

घरचा फोन

डिफॉल्टर यादीचं पत्र घरी जाणारच होतं. तिची विनंती होती की घरी कळवू नका. अशा वेळी गप्प राहण्याचं वचन मी देत नाही, कारण ते पाळता येत नाही आणि मोडलं की मूल पुन्हा कधी बोलत नाही. तिला म्हटलं, पत्र पोचायला दोन-तीन दिवस आहेत, त्याआधी तू स्वतः फोन कर, मग मी बोलते. तिने आईला फोन केला. वडिलांना आईने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वडिलांचा फोन आला. “मॅडम, एक्याण्णव टक्केवाली पोरगी हो ती. तीसपैकी चार कसे पडतील? पेपर परत तपासायचं काही असतं ना?”

मी त्यांना सांगितलं की पेपर बरोबर तपासला आहे. मग डिप्लोमाचं गणित कुठे थांबतं आणि डिग्रीचं कुठून सुरू होतं ते सांगितलं. मधलं एक वर्ष तिला माफ झालं, पण त्या वर्षाचा अभ्यास पुढे गृहीत धरलेला आहे.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, “म्हणजे इन्सुलेशन पेपर न घालताच वाइंडिंग भरायला बसवलंय तिला.”

मला याहून नेमकं सांगता आलं नसतं. त्यानंतर त्यांनी हजेरीबद्दल एक शब्द विचारला नाही. विचारलं ते एवढंच, की क्लास लावायचा का आणि किती पैसे लागतील. आत्ता नको म्हटलं. या टप्प्यावर क्लासला घातलं असतं तर तिथेही युनिट चारपासूनच सुरुवात झाली असती.

पैशाचा विषय निघालाच होता म्हणून तिला घेऊन कार्यालयात गेले. नापास विषय आणि फीसवलत यांचा संबंध प्रत्येक योजनेत वेगळा असतो, आणि हॉस्टेलमधल्या गप्पांवर त्याचा निर्णय करू नये. शिष्यवृत्तीचं काम बघणाऱ्या ताईंनी तिची योजना उघडून दाखवली. पुढच्या वर्षात प्रवेश मिळत असेल तर एका विषयाने तिची सवलत बंद होणार नव्हती. उलट खरी अडचण भलतीच निघाली. महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवरचा तिचा अर्ज अर्धवट पडला होता, उत्पन्नाचा दाखला अपलोडच झाला नव्हता. तो त्याच दिवशी पूर्ण केला. हे लक्षात आलं नसतं तर सगळ्या विषयांत पास होऊनही त्या वर्षीची सवलत गेली असती.

पुढे काय झालं

हजेरी सावरली, टर्म ग्रँट झाली. शेवटच्या वर्षातली एक मुलगी, तीही डीएसईचीच, हॉस्टेलवर तिला आठवड्यातून दोन संध्याकाळी न्यूमेरिकल मेथड्स शिकवायला तयार झाली. ही व्यवस्था जमली याचं मोठं कारण असं की शिकवणारी स्वतः त्याच खड्ड्यातून वर आली होती. कोणत्या पायरीला अडायला होतं हे तिला विचारावं लागत नव्हतं.

निकाल लागला. चार विषय निघाले, डिजिटल सर्किट्समध्ये ती वर्गातल्या पहिल्या पाचांत. डेटा स्ट्रक्चर्स काठावर. एम-थ्री गेलं. अपेक्षित होतं, तरी ती दोन दिवस खोलीतून बाहेर आली नाही. मी हॉस्टेलच्या मॅडमना सांगून ठेवलं होतं, त्यांनी लक्ष ठेवलं. तिसऱ्या दिवशी ती युनिट एकची वही घेऊन आली.

सत्र सुरू होण्याआधी तिने ठरल्याप्रमाणे डिफरन्शियल इक्वेशन आणि फूरिये केलं. यातला फूरियेचा भाग तिला अनपेक्षितपणे आवडला. डिप्लोमाला तिने ऑसिलोस्कोपवर स्क्वेअर वेव्ह शेकडो वेळा पाहिली होती. तीच वेव्ह साइन वेव्हच्या बेरजेतून बनते, हे गणितातून कळल्यावर तिच्या प्रश्नांचा सूरच बदलला. सरांकडे ती स्वतःहून जायला लागली. सिग्नल्स अँड सिस्टिम्समध्ये तिला पहिल्या झटक्यात पन्नाशीच्या वर गुण मिळाले, आणि मुलं ज्या विषयाला एम-थ्रीइतकीच घाबरतात त्यात हे काही कमी नाही.

एम-थ्री दुसऱ्या वेळी थोडक्यात राहिलं. ही परीक्षा चौथ्या सत्राच्या चार पेपरांसोबत आली आणि व्हेक्टर इंटिग्रलला वेळच उरला नाही. ती तिसऱ्या वर्षाला गेली. तिसऱ्या वेळी, म्हणजे आम्ही कामाच्या धरलेल्या संधींपैकी शेवटच्या संधीला, एम-थ्री निघालं. शेवटच्या वर्षाआधी तिचं काही शिल्लक नव्हतं.

सर आणि मी

गणिताच्या सरांचं मत अजून बदललेलं नाही. त्यांच्या मते ती पहिल्या वेळीच पूर्ण ताकदीने बसली असती तर दुसऱ्या वेळी नक्की निघाली असती, कारण एकदा पूर्ण पेपर लिहिल्याचा अनुभव हाताशी राहतो. मला वाटतं, तसं केलं असतं तर डेटा स्ट्रक्चर्स आणि इलेक्ट्रॉनिक सर्किट्स हे दोन्ही गेले असते आणि चौथ्या सत्रात ती तीन बॅकलॉग घेऊन उतरली असती. एकाच मुलीवर दोन्ही रस्ते चालवून बघता येत नाहीत, म्हणून हा वाद सुटणारा नाही. आम्ही दोघंही तो सोडून द्यायला तयार नाही, आणि दरवर्षी नवीन मुलं आली की प्रत्येकाच्या कागदावर तो नव्याने घालतो. कुणाला सर म्हणतात तेच लागू पडतं. ज्या मुलाचे बाकीचे चार विषय पक्के आहेत आणि फक्त गणित कच्चं आहे, त्याला मीही पेपर मागे ठेवू देत नाही.

एक गोष्ट मात्र विभागात बदलली. सरांनी त्या मुलीसाठी केलेली यादी आता डीएसईच्या प्रत्येक मुलाला प्रवेशाच्याच दिवशी मिळते : एम-थ्रीचं कोणतं युनिट, त्याआधी पहिल्या वर्षाचं नेमकं काय, आणि ते पुढे कोणत्या विषयात लागणार. शेवटच्या फेरीतून येणाऱ्यांसाठी ब्रिज लेक्चर दुसऱ्यांदा घ्यायला सर स्वतः तयार झाले, शनिवारी दुपारी. आता २०२४ चा पॅटर्न दुसऱ्या वर्षालाही लागू झाला आहे. विषयांची मांडणी आणि क्रेडिटचे आकडे त्यात वेगळे आहेत, त्यामुळे जुन्या कागदावरचं जसंच्या तसं कुणाला सांगता येणार नाही. यादी पुन्हा करायला घेतली आहे. पहिली तीन युनिटं झाली आहेत.